सहाची डुलकी

दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे मेणबाई म्हणत. कवळीतले दात आधी मेणाच्या हिरडीत एकेक करून बसवावे लागतात, आणि त्या कामात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. वरचा पुढचा दात केसभर तिरका लावला की म्हाताऱ्या माणसाचं हसणं खरं वाटतं, सगळे सरळ रांगेत लावले की ते उसनं दिसतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हाताला आपोआप उमजलं होतं. सोळा वर्षं ती हेच करत आली होती. पण कवळी घासूनपुसून डब्यात गेली की सोबतच्या कागदावर सही मास्तरांची. मास्तर म्हणजे लॅबमधले सर्वांत जुने कारागीर. त्यांनी एके काळी परीक्षा दिली होती, तिने दिली नव्हती. एवढाच काय तो फरक.

त्या वर्षी मालकीणबाईंनी तिला आत बोलावून सरळच विचारलं. मास्तर आता थांबणार आहेत, त्यांच्या जागी सही करायला माणूस हवं. परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. देतेस का, की बाहेरून कुणाला आणू? ती देते म्हणाली, आणि संध्याकाळी घरी येऊन पाहते तर अभ्यासाला वेळच नाही.

वेळ नाही म्हणजे खरोखरच नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. कुठल्या इमारतीत कुणाची लिफ्ट कधी अडकेल याचा नेम नसायचा, त्यामुळे तो घरी असला तरी त्याच्यावर कुठलं काम टाकायची सोय नव्हती. लेक अकरा वर्षांची, हुशार, पण गणिताला कुणीतरी शेजारी बसल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. पुस्तक उघडलं की बेल वाजायची. बेल थांबली की दूध उतू जायचं. ते पुसून झालं की खालच्या मजल्यावरच्या बाई नळाची तक्रार घेऊन यायच्या. दोन ओळी वाचून तिसरीवर जावं तर पहिली विसरलेली. एकदा तर ती पुस्तक घेऊन न्हाणीघरात जाऊन बसली, आणि तिथेही लेकीने दार ठोठावून विचारलं, आई, माझी पट्टी कुठे आहे.

झोप कमी करून वेळ काढायचा प्रकार तिने एका दंतवैद्याच्या दवाखान्यात, डबा पोहोचवायला गेली असताना, जुन्या मासिकात वाचला. एकटा माणूस शिडाची होडी घेऊन समुद्र ओलांडतो तेव्हा सलग झोपू शकत नाही. तो तुकड्यातुकड्यांनी झोपतो, आणि शरीर ते शिकतं. मासिकात वेळापत्रकच दिलं होतं. रात्री एक ते साडेचार अशी एक झोप. मग दिवसा वीस-वीस मिनिटांच्या तीन डुलक्या: सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी सहाला. पहिले दहा दिवस जड जातात, पुढे डोकं लखलखीत होतं, असं त्यात म्हटलं होतं. तिने पान घडी करून पर्समध्ये टाकलं.

नवरा हसला. “झोप म्हणजे काय पाव आहे, तुकडे करून खायला?”

पहिल्या दहा दिवसांबद्दल मासिक खोटं बोललं नव्हतं. पहाटे साडेचारला उठून ती पुस्तकासमोर बसायची आणि एकच आकृती तासभर बघत राहायची. अंगात सारखी थंडी भरलेली. डोळ्यांत वाळू. दिवसा आठला, एकला, सहाला ठरल्याप्रमाणे पडलं तर झोप यायची नाही, आणि अलार्म वाजायला दोन मिनिटं उरली की अशी यायची की उठताना रडू यावं. घरात तिच्या नाकावर राग बसला. ताट जोरात ठेवलं म्हणून ती नवऱ्यावर खेकसली. लेकीच्या वेण्या घालताना तिने केस इतके ओढले की पोरगी मान आखडून, आवाज न करता बसून राहिली. त्या बसण्याचंच तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा आणखी राग आला.

झोपायला तिने घराच्या टोकाची छोटी खोली घेतली होती. मधल्या बोळातून शेवटी गेलं की डाव्या हाताला ती खोली. आत इस्त्रीचं टेबल, त्यावर तिची पुस्तकं, भिंतीला लावलेला घडीचा पलंग आणि मागच्या इमारतीकडे बघणारी खिडकी. लॅबमध्ये दुपारच्या डुलकीला सामानाची खोली होती. तिथे ती प्लास्टरच्या गोण्यांवर चादर टाकून पडायची, आणि उठल्यावर मास्तर तिच्या पाठीवरची पांढरी भुकटी झटकून द्यायचे.

अकराव्या दिवशी झोप लागली. पडल्या पडल्या, दिवा मालवावा तशी. वीस मिनिटांनी अलार्म वाजला तेव्हा तिला आपण कुठे होतो याची काहीच आठवण नव्हती. स्वप्न नाही, कूस बदलल्याचं भान नाही. तिला वाटलं, चला, जमलं एकदाचं.

पण डोकं काही लखलखीत झालं नाही. भिजलेल्या कापसासारखंच राहिलं. दिवसाला साडेतीन तास जास्तीचे मिळत होते आणि त्यांत होत होतं काय, तर तीच ती चार पानं. सराव म्हणून तिने एक पूर्ण कवळी मेणात उभी करायला घेतली, ती तीनदा मोडली. सोळा वर्षांचा हात, आणि तो आता मेण कोरायच्या सुऱ्या पाडत होता.

लेकीच्या वेण्यांची गोष्ट त्याच आठवड्यातली. सकाळी आठ वीसला उठून ती कंगवा घेऊन धावत बाहेर आली तर लेक बूट घालत होती आणि तिच्या दोन्ही वेण्या घातलेल्या होत्या. घट्ट, सारख्या, रिबिनीसकट.

“आज दुखलं नाही,” लेक म्हणाली आणि तिच्या गालाला गाल लावून शाळेत गेली.

नवऱ्याने घातल्या असतील असं तिने धरलं. त्याला वेणी येत नाही हे तिला बसस्टॉपवर आठवलं, पण तेवढ्यात बस आली.

मग लॅबमध्ये झालं. सामानाच्या खोलीतून ती एक वीसला बाहेर आली तेव्हा तिच्या टेबलावर एक वरची कवळी मेणात पूर्ण बसवलेली होती. एका निवृत्त गायिकेची होती ती, फार अवघड जबडा. चार दिवस ती त्याच्याशी झटत होती. आता चौदाच्या चौदा दात जागेवर होते आणि डावीकडचा पुढचा दात केसभर तिरका होता.

“एवढ्यात पुरी केलीस,” मास्तर म्हणाले. “आज हात चांगला लागला तुझा. मध्येच बाहेर आलीस, बसलीस, पंधरा मिनिटांत उठलीस. मी म्हटलं, बोलून मोडू नये.”

तिने विचारलं, मी जागी होते का? मास्तरांनी चष्मा वर केला. जागी नाही तर काय झोपेत करत होतीस, असं त्यांनी विचारलं, आणि ते हसायला लागले. तिला हसू आलं नाही. झोपेत चालणारी माणसं असतात हे तिला ठाऊक होतं. इतकी थकलेली बाई झोपेत चालणारच. पण हातात धारदार सुरी, समोर गॅसचा दिवा, आणि कुणी हाक मारली नाही. आपण जागेपणी ज्याच्याशी चार दिवस झटलो ते आपल्याच हाताने झोपेत पंधरा मिनिटांत केलं, ही तर निव्वळ चेष्टा होती. तिने ती कवळी उचलून पुन्हा पुन्हा पाहिली. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं. सापडली नाही.

घरी तिने नवऱ्याला सांगून ठेवलं की सहाच्या डुलकीत मी उठून आले तर मला हलवून जागं कर. तो ज्या गोंधळलेल्या नजरेने बघत राहिला त्यावरून तिच्या लक्षात आलं. मी येते का, तिने विचारलं.

येतेस की, तो म्हणाला. रोजच येतेस. पाचएक मिनिटं पडतेस आणि मग येऊन बसतेस आमच्यात. चहा घेतेस. पोरीचं गणित घेतेस. सहा-वीसच्या आत पुन्हा खोलीत जातेस आणि मग अलार्म वाजतो. मला वाटलं, तुझ्या वेळापत्रकातच आहे ते.

“आणि मी झोपेत आहे असं वाटत नाही तुला?”

त्याने जरा विचार केला. “उलट त्या वेळी तू बरी असतेस,” तो म्हणाला. “शांत असतेस. खरं सांगू का, मी हल्ली सहाच्या आत घरी पोचायला बघतो.”

हे तो प्रेमाने म्हणाला होता, म्हणून तिला भांडता आलं नाही. ती खोलीत जाऊन इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली. पहाटे साडेचारला उठून मरमर करायची आपण, डोळे फोडायचे आपण, आणि घराला आवडणार कोण, तर ती वीस मिनिटांची. स्वतःचाच हेवा वाटावा, हा कुठला प्रकार.

दुसऱ्या दिवशी लेकीने भूगोलाची वही दाखवली. नकाशा नीट रंगवलेला होता. काल तूच शिकवलंस ना, नदी आधी फिकी काढायची मग गडद, असं ती म्हणाली. आणि मग, वही दप्तरात भरता भरता, ती तळघरातल्या स्वयंपाकघराची गोष्ट पुढे सांग म्हणाली.

“कुठली गोष्ट?”

“तुझ्या लहानपणची. नऊ पायऱ्या उतरून खाली स्वयंपाकघर, आणि सहाव्या पायरीवर नेहमी कुणीतरी बसलेलं असायचं ती.”

ती चौथ्या मजल्यावर जन्मली आणि वाढली. तळघर असलेल्या घरात ती कधी राहिली नव्हती. तिने लेकीला विचारलं, मग ते कोण होतं, पायरीवरचं? लेक म्हणाली, ते तू सांगतच नाहीस, अलार्मची वेळ होते.

त्या संध्याकाळी तिने मोबाइल खिडकीच्या कठड्यावर उभा करून ठेवला. पलंग आणि बंद दार दोन्ही त्यात दिसतील असं पाहिलं, चित्रीकरण सुरू केलं आणि सहाला ती पडली. अलार्म वाजला. उठली. दार आतून ओढून घेतलेलं होतं, तसंच होतं. तिने बाहेर न जाता पलंगावर बसून चित्रफीत लावली.

पलंगावर ती झोपलेली दिसत होती. एक हात उशीखाली, तोंड किंचित उघडं. तिसऱ्या मिनिटाला आणि दहाव्या मिनिटाला आणि पंधराव्या मिनिटाला ती तशीच होती. एकदा पायाचा अंगठा हलला, बस. दार उघडलं नाही.

तिच्या अंगातला सगळा ताण सैल झाला. बापलेकींनी मिळून थट्टा चालवली आहे, दुसरं काय. मास्तरांनाही सामील करून घेतलं असेल. ती रागावायच्या तयारीत उठली, आणि उठता उठता तिला वाटलं, आवाज जरा मोठा करून बघावा.

आवाज मोठा केला तेव्हा दाराबाहेरचं ऐकू आलं. कपबशांचा आवाज. लेकीचं बोलणं. नवऱ्याचं खोकणं. आणि त्यांच्या मध्ये एका बाईचं हसणं.

आपलं हसणं आपल्याला बाहेरून कधी नीट ऐकू येत नाही. तिने ते एकदा भावाच्या लग्नाच्या चित्रफितीत ऐकलं होतं, म्हणून ओळखलं.

एकोणिसाव्या मिनिटाला बोळातून पावलं आली. दारापाशी थांबली. चित्रात दाराची मूठ खाली गेली, तशीच दाबून धरलेली राहिली. पलंगावरची ती झोपेत होती. मग अलार्म वाजला, आणि मूठ हळूच वर आली.

तिने ते नवऱ्याला दाखवलं. त्याने मोबाइल कानाशी धरला, पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, तारीख कुठली आहे यावर, आज तर तू आमच्याबरोबर बसली होतीस. तिने त्याला तारीख दाखवली. वेळ दाखवली. तो म्हणाला, यंत्र चुकतं कधीकधी. लिफ्टचं तेच होतं, बाई, आत कुणी नसतं आणि वजन दाखवते. आणि मग तो उठून कपबशा विसळायला लागला. पाठमोरा झाला तो झालाच.

टेबलावर एक सफरचंद होतं. एकच घास घेतलेलं, आणि चावलेली जागा अजून पांढरीशुभ्र. हे कुणी खाल्लं, तिने विचारलं. तू, लेक म्हणाली. खात होतीस, मध्येच उठून गेलीस.

तिने सफरचंद ओल्या रुमालात गुंडाळलं.

सकाळी लॅबमध्ये पोचली तेव्हा त्याची कड सुकायला लागली होती, पण घास स्वच्छ होता, वरच्या-खालच्या दातांच्या खुणा उमटलेल्या. तिने ठसा घेतला आणि प्लास्टर ओतलं. साचा घट्ट झाल्यावर मास्तरांना बोलावलं. कपाटाच्या वरच्या फळीवर तिच्या स्वतःच्या तोंडाचा साचा होता. शिकायला लागली त्या पहिल्या वर्षी सगळ्यांना आपापल्या तोंडाचा करायला लावत. तो काढून तिने शेजारी ठेवला आणि हे दोन्ही एकाच माणसाचे आहेत का, एवढंच विचारलं.

मास्तरांनी भिंग लावून पाहिलं. खालच्या सुळ्याचा झिजलेला कोपरा, पुढच्या दोन दातांमधली ती बारीकशी फट, बाजूच्या दाताचा वळसा. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

“तुझंच तोंड आहे,” ते म्हणाले. “यात शंका नाही.” मग त्यांचं बोट थांबलं. “पण हा?”

खाली डावीकडे, सुळ्याच्या मागचा दात. तिने तो एकोणिसाव्या वर्षी काढून टाकला होता, आणि ती जागा पुढे कधी भरली नाही. जुन्या साच्यात तिथे गुळगुळीत खळगा होता. नव्या साच्यात दात होता. बसवलेला नव्हे. उगवलेला, वापरलेला, बाकीच्यांबरोबर झिजलेला.

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. हे कुणाचं आहे, असं त्यांनी विचारलं नाही. साचा मात्र त्यांनी उलटा करून ठेवला.

त्या दिवशी ती एकच्या डुलकीला गेली नाही. संध्याकाळी घरी येऊन तिने सांगून टाकलं की तो झोपेचा प्रकार बंद. परीक्षा गेली खड्ड्यात. आजपासून रात्री दहाला झोपायचं आणि सहाला उठायचं, माणसासारखं.

तिला वाटलं होतं, नवरा सुटकेचा श्वास टाकेल. तो पावाचे तुकडे करत बसला.

“मग सहाला कोण येणार?” लेकीने विचारलं.

नवऱ्याने लेकीला गप्प केलं. पण गप्प करताना त्यानेही घड्याळाकडे पाहिलं.

दहाला ती अंथरुणावर बसली आणि हिशोब करू लागली. वीस मिनिटं ती झोपते तेव्हा वीस मिनिटं ती दुसरी बाहेर असते. रात्रीच्या साडेतीन तासांत काय होत होतं ते तर कुणी पाहिलंच नव्हतं. मग आठ तास?

ती उठली आणि स्वयंपाकघरात दिवा लावून ताठ खुर्चीवर बसली.

त्यानंतर ती झोपलीच नाही. पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिने खालची कवळी वरच्या साच्यावर चढवायला घेतली आणि बसत का नाही म्हणून साचाच फोडला. मालकीणबाई तिच्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी तिची पर्स आणून तिच्या हातात दिली आणि घरी जा म्हणाल्या. परवापरवापर्यंत तर किती छान काम करत होतीस, असंही म्हणाल्या. तिने विचारलं, किती वाजता? त्यांनी दार उघडून धरलं.

बसमध्ये ती उभी राहिली, बसली असती तर डोळा लागला असता. रस्त्यावरून चालताना इमारतींच्या कडा हलत होत्या. घरी येऊन तिने थंड पाण्याने तोंड धुतलं, टोकाच्या खोलीची खिडकी उघडली, मोठ्याने पाढे म्हटले. सातचा पाढा तिला येईना. तिला इतका संताप आला की तिने हातातला पेला भिंतीवर फेकला. लेक दारात उभी होती. ती रडली नाही. वाकून काचा वेचायला लागली.

नवरा लवकर घरी आला. त्याने तिला खांद्याला धरून बोळातून नेलं. ती नको नको म्हणत होती, पण पाय त्याच्याबरोबर चालत होते.

“फक्त वीस मिनिटं,” तो म्हणाला. “मी इथेच बसतो. बघ, खुर्ची आणलीय. मी इथे असताना कोण येणार आहे?”

तिने त्याच्याकडून वचन घेतलं. हात धरून ठेव म्हणाली. त्याने धरला. त्याच्या तळव्याला ग्रीसचा वास येत होता, आणि तो वास ओळखीचा होता, म्हणून तिने डोळे मिटले.

खिडकी बंद होती. तिला आधी तेवढंच कळलं.

मग कळलं की खुर्ची नाही. हातात हात नाही. मोबाइल नेहमीच्या जागी नाही. इस्त्रीच्या टेबलावर तिची पुस्तकं नव्हती. घडी घातलेले कपडे होते, आणि त्यांतले काही तिने कधी पाहिलेले नव्हते.

तिने हाक मारायचा प्रयत्न केला तर नुसती हवा बाहेर आली.

बोळाच्या पलीकडून घर चालू असल्याचे आवाज येत होते. सुरीने काहीतरी बारीक चिरलं जात होतं. नवरा काही सांगत होता, मजेचं असावं, कारण दोघी हसल्या.

दोघी.

तिने उठायला बघितलं. पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पडून राहिले. पलंग करकरला.

हसणं थांबलं. बोळातून हलकी पावलं आली आणि दार थोडंसं उघडलं.

लेक होती. तिने आत न येता, चौकटीला धरून, तिच्या उघड्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. लेकीला चष्मा लागला होता. चष्म्याची काडी कानामागे सवयीने बसलेली होती, म्हणजे लागून बरेच दिवस झाले असणार.

तिने लेकीकडे हात लांब केला. लेक घाबरली नाही. फक्त अर्धं पाऊल मागे सरकली आणि मान स्वयंपाकघराकडे वळवून, कुणाची झोप मोडू नये इतक्या हळू आवाजात म्हणाली,

“आई, ती उठली.”

सुरी थांबली. मग तिकडून तिचाच आवाज आला, मऊ, न वैतागलेला.

“असू दे, बाळा. दार लावून घे.”

लेकीने मूठ पूर्ण खाली दाबली, म्हणजे आवाज होणार नाही, आणि दार अलगद ओढून घेतलं.